गादीचा विचार

लग्नाच्या याद्या ज्यांनीं वाचल्या असतील त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आल्यावांचून राहिली नसेल. भांड्यांचीं नांवें, त्यांचीं वजनें, तीं पितळेचीं कीं स्टीलचीं याचा खुलासा, लुगड्यांचे पोत, अंगठी किती ग्रॅमची हें सारें तेथें बारकाईनें लिहिलेलें असतें. आणि मग अगदीं शेवटीं, कागदावर जागा उरली असेल तर, एक ओळ असते: ‘गादी, उशा, पलंगपोस, एक संच.’ गादींत काय भरलें आहे, किती भरलें आहे, ती किती दिवस टिकावयाची, याबद्दल अवाक्षर नसतें. ज्या वस्तूवर नव्या जोडप्याला पुढील कित्येक वर्षें रोज सात-आठ तास काढावयाचे, तिच्यासंबंधानें वधूपिता व वरपिता हे दोघेही इतके उदासीन कां असावेत याचें आम्हांस नेहमीं नवल वाटत आलें आहे. कारण बहुधा इतकेंच असावें कीं, गादी पाहुण्यांस दिसत नाहीं. पाहुण्यांस दिसतो तो पलंगपोस. आणि तो मात्र भरजरी असतो.

मराठी भाषेनें या शब्दाला दिलेला मान पाहिला म्हणजे ही उदासीनता अधिकच चमत्कारिक वाटूं लागते. राज्याची गादी, मठाची गादी, पेढीवरची गादी! आम्हां जुन्नरकरांच्या डोक्यावर तर शिवनेरीच उभी आहे. १६३० सालीं त्या गडावर जो पुरुष जन्मास आला, त्याच्या वंशांत पुढें सातारची गादी व कोल्हापूरची गादी अशा दोन गाद्या झाल्या, आणि त्यांच्या तंट्यांत मराठ्यांचीं किती वर्षें खर्चीं पडलीं हें शाळेंतल्या मुलासही ठाऊक आहे. गादीसाठीं माणसें लढलीं; गादींतला कापूस मात्र कोणीं उचलून तोलून पाहिला नाहीं.

अंथरुणासंबंधीं फार कडक मतें असलेली माणसेंही आमच्या या भागांत राहून गेलीं आहेत. कुकडीकांठच्या लेण्याद्रीच्या डोंगरांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं बौद्ध भिक्षूंसाठीं जीं लेणीं खोदलीं गेलीं, त्यांतील कित्येक कोठड्यांत भिंतीलगत दगडाचाच ओटा राखलेला आढळतो. तोच पलंग आणि तीच गादी. विनयपिटकांत तर असा नियमच आहे कीं, ज्या भिक्षूनें आपल्या खाटेंत कापूस भरून घेतला असेल, त्यानें तो उपटून काढावा आणि मग आपला दोष कबूल करावा. मात्र उशींत कापूस भरण्यास हरकत नाहीं. इतक्या कठोर शिस्तींतही मानेपुरती सवलत ठेवलेली पाहून आम्हांस त्या नियमकर्त्यांविषयीं आदर वाटतो. महाभारतांत शरशय्येवर पडलेल्या भीष्मानेंही राजांनीं आणलेल्या मऊ उशा परत केल्या. पण उशी मागितली ती मागितलीच, आणि अर्जुनानें तीन बाण मारून ती त्याला दिली. विरक्त माणसाचेंही डोकें अधांतरीं राहूं शकत नाहीं, मग आमच्यासारख्या गृहस्थाश्रमी माणसांच्या पाठीची गोष्ट काय विचारावी?

जुन्नर व आंबेगांव या दोन्ही तालुक्यांत सर्वसाधारण माणसाचें अंथरूण पिढ्यान्पिढ्या म्हणजे खालीं घोंगडें आणि वर जुन्या लुगड्यांची वाकळ. गादी ही पाहुण्यांसाठीं, आजाऱ्यासाठीं आणि कांहीं थोड्या खाऊन-पिऊन सुखी घरांसाठीं. आमच्या मातुःश्रींस १९६२ सालीं लग्नांत जी गादी मिळाली ती त्यामुळें त्या काळीं गल्लींत कौतुकाचा विषय झाली होती. त्यांचें माहेर जुन्या आंबेगांवचें. घोड नदीवर डिंभ्याचें धरण झालें, आणि ज्या गांवाचें नांव तालुक्यानें धारण केलें आहे तें गांवच पाण्याखालीं गेलें. त्या जलाशयास आज हुतात्मा बाबू गेनूंचें नांव आहे. तेही याच तालुक्यांतील म्हाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत परदेशी कापडाच्या मोटारीपुढें आडवे झाले. मातुःश्रींच्या माहेरचें घर, अंगण, दारचा आंबा यांपैकीं आज कांहींच दाखवितां येत नाहीं. राहिली आहे ती ही गादी. दर तीन-चार वर्षांनीं पिंजारी दारावर येई, ती उसवी, कापूस पिंजून पुन्हा भरी, नवें गादीपाट घाली. आणि साठ वर्षें ती अशी नवी होत आली.

परंतु अलीकडे दारावर पिंजारी येईनासा झाला. गादींत कापसाचे गोळे झाले. मातुःश्रींचें वय आतां ब्यायशींच्या घरांत, शरीर कृश, आणि डाव्या खुब्याचें दुखणें. रात्रीं दोन-तीन वेळां उठून त्या पलंगावर नुसत्या बसून राहूं लागल्या. ‘‘आई, तुला नवी गादी घेऊं या,’’ असें आम्हीं म्हटलें तेव्हां त्यांनीं जें उत्तर दिलें तें आमच्या कानांत अजून आहे. ‘‘मला कशाला रे आतां नवी गादी? जरा दम धरा. शय्यादानाला घ्यायचीच आहे. तेव्हां घ्या एकदांच.’’

शय्यादान म्हणजे काय हें बहुतेक वाचकांस माहीत आहे. मृताच्या दिवसकार्यांत त्याच्या नांवानें पलंग, गादी, उशी, पांघरूण, छत्री, जोडा वगैरे वस्तु ब्राह्मणास दान देतात, पुढच्या प्रवासांत त्याची सोय व्हावी म्हणून. आमच्या आजोबांनीं उभा जन्म घोंगड्यावर काढला. शेवटचे सात-आठ महिने ते अंथरुणास खिळून होते, आणि पाठीस जखमा झाल्या होत्या. त्यांच्या दिवसांना घरांत नवी कोरी गादी आली. पट्ट्यापट्ट्यांच्या गादीपाटाची, फुगलेली, कापसाचा वास येणारी. आम्ही त्या वेळीं नऊ वर्षांचे होतों. तिच्यावर एकदां बसून पाहावें असें फार वाटलें, आणि ‘शिवूं नकोस, ती आजोबांची आहे’ असें सांगण्यांत आलें. त्या विधीची थट्टा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. ज्यांनीं तो घालून दिला त्यांच्या मनांत मायाच असली पाहिजे. पण मातुःश्रींचें वाक्य ऐकल्यावर आम्हां दोघां भावांनीं एकमेकांकडे पाहिलें आणि बाजाराचा रस्ता धरला. जुन्नर, नारायणगांव आणि मंचर या तिन्ही पेठांतलीं दुकानें आम्हीं पालथीं घातलीं. घरांतील मंडळींच्या मतें एका गादीसाठीं हें अतीच झालें; आमच्या मतें तें कमीच होतें.

आजच्या दुकानांत शिरलें कीं पहिला अडथळा नांवांचा. प्रत्येक गादीस ‘ऑर्थो’, ‘मेमरी’, ‘लक्झरी’ अशी कांहींतरी पदवी असते, आणि पदवीवरून विद्वत्तेचा जितका बोध होतो तितकाच या पदव्यांवरून गादीच्या पोटाचा होतो. दुकानदार हाताच्या तळव्यानें गादी दाबून दाखवितो. वास्तविक तळव्यावर कोणीच निजत नाहीं. आम्हीं एकच प्रश्न विचारावयाचा असें ठरविलें होतें: आंत काय आहे आणि त्याचें वजन किती? पहिल्या भागाचें उत्तर बहुतेक दुकानांत मिळालें, दुसऱ्याचें क्वचित्.

हा वजनाचा प्रश्न कां महत्त्वाचा तें सांगितलें पाहिजे. हल्लींच्या बहुसंख्य गाद्या पॉलियुरेथेन फोमच्या असतात. या पदार्थाचें रसायन १९३७ सालीं जर्मनींत ओटो बायर या शास्त्रज्ञानें शोधून काढलें. रबराच्या चिकाचा फोम त्याहून थोडा जुना, १९२९ सालच्या सुमाराचा. तो डनलॉप कंपनीच्या मंडळींनीं प्रथम साधला, म्हणून आमच्याकडे कोणत्याही फोमच्या गादीस अजून सरसहा ‘डनलॉपची गादी’ म्हणतात. ‘मेमरी’ म्हणून जो मिळतो तो १९६६ सालीं अमेरिकेच्या नासा संस्थेसाठीं, विमानांतील आसनांकरितां, तयार झाला. फोम म्हणजे अखेर बुडबुड्यांचा ढीग. त्यांत माल किती आणि हवा किती हें डोळ्यांस दिसत नाहीं, हातासही कळत नाहीं. कांट्यास मात्र कळतें. सहा फूट लांब, तीन फूट रुंद व चार इंच जाड अशा गादीचें घनफळ सहा घनफूट, म्हणजे घनमीटरचा सुमारें सहावा हिस्सा होतो. रोज निजावयाच्या फोमचें वजन घनमीटरमागें निदान बत्तीस किलो तरी असावें. त्या हिशेबानें वरील गादीचा फोम साडेपांच किलोच्या आसपास भरला पाहिजे. तो साडेतीन किलोच भरला, तर दर घनमीटरास वीस किलोचा माल आहे असें समजून पुढच्या दुकानाची पायरी चढावी. मऊ-कठीणपणाचा या वजनाशीं फारसा संबंध नाहीं, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. हलका फोमही कडक करतां येतो. तो लवकर बसतो एवढेंच. मंचरच्या एका दुकानदारानें आम्हीं तराजू मागतांच हंसून ‘कांद्याच्या वखारींतून आलां काय?’ असें विचारलें. पण तराजू आणला, आणि आंकडा पाहून स्वतःही दोन क्षण गप्प राहिला.

हमीविषयींही दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. आमच्या एका आप्तांनीं पुण्यांतील एका दुकानांतून दहा वर्षांच्या हमीची गादी आणली. तिसऱ्या वर्षीं मध्यें खळगा पडला. हमीपत्र काढून वाचतात तों त्यांत लिहिलेलें कीं, खळगा एक इंचाहून अधिक खोल असेल तरच गादी बदलून मिळेल. यांचा भरला पाऊण इंच! तो पाव इंच भरून निघावा म्हणून ते गृहस्थ आणखी दोन वर्षें नेटानें त्याच जागीं निजले. हमीपत्र पैसे देण्यापूर्वीं वाचावें, आणि त्यांत वर्षांच्या आंकड्यापेक्षां इंचांचा आंकडा पाहावा.

आतां कठीण कीं मऊ? पाठीच्या दुखण्यास फळीसारखें कठीण अंथरूण उत्तम, असा आपल्याकडे जुना समज आहे, आणि वैद्यांप्रमाणें डॉक्टरांनींही तो वर्षानुवर्षें सांगितला. स्पेनमधील कांहीं डॉक्टरांनीं ३१३ रोग्यांवर याचा पडताळा पाहिला. कंबरदुखी जुनी झालेल्या या लोकांपैकीं कोणास कठीण व कोणास मध्यम कठीण गादी मिळावी हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविलें, आणि तीन महिन्यांनीं विचारपूस केली. मध्यम गादीवर निजणाऱ्यांची पीडा अधिक कमी झाली होती. हा वृत्तांत २००३ सालीं ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत छापून आला. त्याचें मर्म समजणें अवघड नाहीं. कुशीवर निजलें असतां सारा भार खांद्यावर व खुब्यावर येतो. गादीनें त्यांना थोडें आंत घेतलें नाहीं तर तीं हाडें ठणकतात, आणि फार आंत घेतलें तर कणा वाकतो. उताणें पडून कमरेखालीं हात सरकवून पाहावा. हात मोकळा फिरला तर गादी फार कठीण, शिरतच नसेल तर फार मऊ. दुकानांत असें पंधरा मिनिटें पडून राहण्याची लाज धरूं नये. आम्हीं धरली नाहीं. नारायणगांवच्या दुकानांत आमचे धाकटे बंधु तर चक्क घोरूं लागले.

मातुःश्रींसारख्या कृश शरीराला नुसत्या कठीण गादीचा त्रास अधिक होणार हें उघड होतें. शिवाय दुसरी एक अडचण होती, जिचा उल्लेख कोणत्याच जाहिरातींत नसतो. म्हाताऱ्या माणसाला निजण्यापेक्षां उठण्याचें काम कठीण. फार मऊ फोमांत बसलें म्हणजे शरीर खालीं जातें आणि गुडघ्यांस जोर मिळत नाहीं. फार उंच गादीवर बसलें तर पाय जमिनीस टेकत नाहींत. त्यासाठीं कांठ घट्ट पाहिजे आणि उंची बेताची पाहिजे.

या दृष्टीनें आम्हांस रबर लावलेल्या काथ्याची गादी बरी वाटली. नारळाच्या सोडणांतला काथ्या, त्यावर रबराचा चीक फवारून व तापवून त्याचा पत्रा करितात. त्यांतून हवा खेळते, तो दबत नाहीं व उन्हाळ्यांत तापत नाहीं. पण एकटा काथ्या कृश माणसाला टोंचल्यासारखा कठीण. त्याच्या वर कांहींतरी मऊ हवें, आणि येथें कापसाची आठवण झाली.

कापसाच्या गादीला जुनाट म्हणून नाक मुरडण्याची जी रीत पडली आहे ती आम्हांस मान्य नाहीं. तिच्यांत दोष आहेत. ती दबते, जड असते, तिला दरवर्षीं ऊन दाखवावें लागतें. परंतु ती पुन्हा नवी करतां येते, हा गुण दुकानांतल्या एकाही गादींत नाहीं. फोम एकदां बसला कीं बसला. तो उन्हांत टाकला तर उलट पिवळा पडून चुरा होतो, आणि रबराचेंही तसेंच. कापूस मात्र उन्हांत फुगतो. तो विकत घेतांना एक लक्षांत ठेवावें: कापूस हवेंतील ओल शोषतो. कापडाच्या धंद्यांत शंभर किलो कोरड्या कापसामागें साडेआठ किलो पाणी गृहीतच धरतात, आणि पावसाळ्यांत ओल त्याहून वाढते. भीमाशंकर, आहुपें, नाणेघाट या बाजूला चार महिने घरांतील भिंतीही घाम गाळतात. तेथल्या माणसानें श्रावणांत वजनावर कापूस घेणें म्हणजे पाण्याला कापसाचा भाव देणें होय. घ्यावयाचा तर वैशाखांत घ्यावा, आणि आंखूड, खरखरीत धाग्याचा देशी घ्यावा. सुतासाठीं लांब धाग्याचें महत्त्व; गादींत मात्र हा राकट कापूस अधिक काळ फुगीर राहतो. सावरीचा कापूस उशीला चांगला, गादीला नव्हे.

पैशाचा हिशेब येथेंच सांगून टाकतों. दहा हजारांची गादी दहा वर्षें टिकली तर दिवसाला पावणेतीन रुपये पडतात. चार हजारांची दोन वर्षांत बसली तर साडेपांच. अंथरूण पाहून पाय पसरावे हें खरें, पण स्वस्त अंथरुणावर पाय पसरण्याचें भाडें दुप्पट बसतें.

पिंजारी शोधण्यास आठवडा लागला. अखेर जुन्नरांतच एका बोळांत एक वृद्ध गृहस्थ भेटले. या मंडळींपैकीं पुष्कळजण स्वतःस मन्सुरी म्हणवितात, आणि तें नांव मन्सूर अल्-हल्लाज या सूफी संताकडे नेऊन भिडवितात. त्याला ९२२ सालीं बगदादेंत देहान्त शिक्षा झाली. ‘हल्लाज’ या अरबी शब्दाचा अर्थच पिंजणारा. चाचांच्या दुकानांत आतां विजेचें यंत्र आहे. वडिलांची पिंजण, तांत तुटलेली, भिंतीवर टांगली आहे. आमच्या लहानपणीं दुपारीं गल्लींतून तिचा टणत्कार ऐकूं येई आणि कापसाचे तंतु उन्हांत तरंगत.

मातुःश्री स्वतः गादीबरोबर आल्या. ती डोळ्यांआड उसवूं देण्यास त्या तयार नव्हत्या. चाचांनीं टाके तोडले. आंत कापसाचे थर निघाले, कांहीं पांढरे, कांहीं पिवळट, मधला अगदीं मातकट. ‘‘गुरुजी, हा मधला तुमच्या आईच्या बापानं घातलेला,’’ चाचा म्हणाले, ‘‘बाकीचा मागून भर घातलेला.’’ एकंदर बारा किलो भरला. यंत्रांतून काढल्यावर धूळ व तुटके धागे मिळून तीन किलो गेला, नऊ उरला. फार वेळां पिंजलेला कापूस लवकर दबतो, म्हणून चौथा हिस्सा नवा घालावा असें चाचांचें मत पडलें. साडेचार किलो जुना व दीड किलो नवा अशी सहा किलोंची पातळ गादी त्यांनीं भरली, दाभणानें चौकटीचौकटीनें टाके घातले, आणि टाके जवळजवळ कां हेंही समजावून दिलें: अंतर वाढलें कीं कापूस सरकून गोळे होतात.

घरीं सुतारानें पलंगाचे पाय दोन इंच कापले. अकरा इंच पलंग, तीन इंच काथ्या, दोन इंच कापूस, मिळून सोळा. मातुःश्रींचे पाय टेकूं लागले. पहिल्या रात्रीं त्या एकदां उठल्या, दुसऱ्या रात्रीं दोनदां, तिसऱ्या रात्रीं उठल्या नाहींत. खुबा दुखतो तो दुखतोच. तें काम गादीचें नव्हे.

शय्यादानाचा विषय त्यांनीं पुन्हा काढला नाहीं. उरलेल्या साडेचार किलो जुन्या कापसाच्या मात्र त्यांनीं चाचांकडून तीन उशा भरून घेतल्या. एक आम्हांस, एक धाकट्या भावास, आणि एक नाशिकास असलेल्या बहिणीस पाठविली. बहिणीचें पत्र आलें कीं, उशी फार कठीण आहे. मातुःश्रींनीं तें ऐकून घेतलें व म्हणाल्या, ‘‘तिला लिही, दोन दिवस उन्हांत टाक म्हणावं.’’